रात्री साडेअकराची अमेरिका

जुलै 2025 मध्ये सीबीएस या अमेरिकी नेटवर्कनं स्टीफन कोल्बेर यांचा 'द लेट शो' मे 2026 मध्ये बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्या वेळेच्या कार्यक्रमांत तो प्रेक्षकसंख्येनं पहिला होता, तरी वर्षाला सुमारे चार कोटी डॉलरचा खड्डा पडतो, अशा बातम्या आल्या. कारण पैशाचं की राजकारणाचं, यावर वाद पेटला, कारण मूळ कंपनीनं ट्रम्प यांच्याशी नुकतीच 1 कोटी 60 लाख डॉलर मोजून तडजोड केली होती आणि कोल्बेर यांनी त्याच कार्यक्रमात तिचे वाभाडे काढले होते. सप्टेंबरात एबीसीनं आपले रात्रीचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांना जवळपास आठवडाभर घरी बसवलं, तेव्हा या वादात आणखी तेल पडलं. या सगळ्या गदारोळात एक नाव मात्र सारखं कानावर येत राहिलं, आणि तेही 1992 मध्ये निवृत्त होऊन 2005 मध्ये वारलेल्या माणसाचं. कार्सन असता तर? कार्सननं असं केलं असतं का? कार्सनच्या वेळी कसं होतं!

रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांविषयी अमेरिकेत जे काही हळहळणं चालतं, ते फिरून फिरून जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'पाशीच येऊन थांबतं. या हळहळीवर चरित्रं निघाली, माहितीपट निघाले, सिनेमे निघाले, डीव्हीडींचे संच खपले. हे सगळं नजरेखालून घातलं की जाणवतं ते हे, की या एका नावात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कालवल्या गेल्या आहेत. काही त्या काळाच्या, काही त्या माणसाच्या, काही तर घडल्याच नव्हत्या अशाही. त्यांतली खरोखर गेल्याचं दुःख करावं अशी गोष्ट एकच दिसते, आणि तिचा उल्लेख सगळ्यात कमी होतो.

आधी मूळ कार्यक्रम काय होता ते पाहू, कारण आपल्याकडच्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. आपल्या घरात केबल आली 1991-92 च्या सुमारास, आणि 22 मे 1992 ला कार्सन निवृत्त झाला. त्यामुळे आपल्याला मूळच्या आधी नक्कल भेटली. 1997 मध्ये सोनीवर शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' सुरू झाला, तो कार्सनच्या गादीवर आलेल्या जे लेनोच्या साच्यातला होता. सुरुवातीचे राजकीय विनोद, वाद्यवृंद, टेबल, पाहुण्यांची जागा, सगळा सरंजाम तोच. त्याच्याही आधी कुणी 'द शायनिंग' हा सिनेमा पाहिला असेल, तर कुऱ्हाडीनं दार फोडून आत तोंड घालणारा जॅक निकल्सन 'हीअर्स जॉनी' म्हणतो, ते आठवत असेल. कार्सनचा सहकारी एड मॅकमेहन रोज रात्री ज्या आरोळीनं त्याला रंगमंचावर बोलवायचा, ती ही आरोळी. आपण ती भुताच्या सिनेमात ऐकली आणि घाबरलो. अमेरिकी प्रेक्षक घाबरले आणि हसलेही. 1965 च्या कायद्यानं अमेरिकेची दारं उघडल्यावर तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनियरांच्या पिढीला मात्र या आरोळीची ओळख करून द्यायची गरज नाही. न्यू जर्सीतल्या कुणा आजोबांना विचारून पाहा.

'टुनाइट' एनबीसीवर सुरू झाला सप्टेंबर 1954 मध्ये, स्टीव्ह अ‍ॅलननं. मग जॅक पार. हा पार हळवा आणि तापट होता. 1960 मध्ये नेटवर्कनं त्याचा संडासावरचा एक सोवळा विनोद परस्पर कापला, म्हणून चालू कार्यक्रमातून उठून गेला तो महिनाभरानं परतला. 1 ऑक्टोबर 1962 ला नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात वाढलेला, लहानपणी जादूचे प्रयोग करणारा छत्तीस वर्षांचा कार्सन त्या खुर्चीत बसला, आणि उठला तो जवळपास तीस वर्षांनी. कार्यक्रमाचा साचा सोपा होता. रंगीत पडद्यामागून यायचं, दहाएक मिनिटं दिवसभराच्या बातम्यांवर विनोद करायचे, शेवटी हवेत गोल्फचा एक फटका मारायचा, टेबलामागे जाऊन बसायचं, आणि मग एकेक पाहुणा. 1972 पर्यंत हे न्यूयॉर्कहून चाले, नंतर कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून. तिथे संध्याकाळी चित्रण व्हायचं आणि रात्री साडेअकराला देश अंथरुणात पडल्या पडल्या ते पाहायचा.

हळहळीचा पहिला आणि सगळ्यात मोठा थर आहे तो या 'देश पाहायचा'चा. तीन नेटवर्कं होती, चौथं काही नव्हतं, आणि रात्री साडेअकराला जागा असलेला माणूस बहुधा कार्सनच पाहत असे. डिसेंबर 1969 मध्ये टायनी टिम नावाच्या, उकुलेले वाजवत किनऱ्या आवाजात गाणाऱ्या विचित्र गवयाचं लग्न या कार्यक्रमात लागलं, ते सुमारे चार कोटी लोकांनी पाहिलं. निरोपाचा भाग पाच कोटींच्या घरात गेला, तोही 25 कोटींच्या देशात. 2025 मध्ये कोल्बेर पहिल्या क्रमांकावर राहून पंचवीस लाखांच्या आतबाहेर होते. या आकड्यांचा अर्थ काय होतो याचा सगळ्यात गमतीदार पुरावा डिसेंबर 1973 चा आहे. तेलटंचाईचे दिवस. विस्कॉन्सिनच्या एका खासदारानं सरकारी खात्यांच्या कागदखरेदीबद्दल काळजीचं निवेदन काढलं. कार्सनच्या लेखकांनी ते वर्तमानपत्रात पाहिलं आणि कार्सननं विनोदात सांगून टाकलं की, आता देशात टॉयलेट पेपरची टंचाई येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बायाबापड्यांनी दुकानं रिकामी केली. टंचाई नव्हतीच, ती या खरेदीनं झाली. नंतर कार्सनला पडद्यावरून खुलासा करावा लागला. कोव्हिडच्या सुरुवातीला अमेरिकी दुकानांत हीच फळी रिकामी झाली, तेव्हा अनेकांना हा किस्सा आठवला.

पण हे कार्सनचं कर्तृत्व म्हणायचं का? थोडंसंच. स्पर्धेत उतरलेले जोई बिशप, मर्व्ह ग्रिफिन, डिक कॅव्हेट सगळे त्याच्यापुढे मागे पडले, एवढं त्याचं कौशल्य नक्की. पण लोकांना एकत्र बसवलं होतं ते दुसरा पर्याय नसल्यानं. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण'च्या वेळी रस्ते ओस पडायचे, त्यात जितका हात मालिकेचा तितकाच एकुलत्या दूरदर्शनचाही होता. पर्याय नसण्याला एकोपा म्हणायची सवय सगळ्याच देशांना असते. तेव्हा हा थर काळाचा आहे, कार्यक्रमाचा नाही, आणि तो परत यावा अशी इच्छा करणं म्हणजे बाकीची सगळी चॅनेलं बंद व्हावीत अशी इच्छा करणं.

दुसरा थर राजकारणाचा. कार्सन कुणाची बाजू घेत नसे, दोन्हीकडच्यांना चिमटे काढी, म्हणून सगळे मिळून हसत, असं आज फार जोरात सांगितलं जातं. यात तथ्य आहे. व्यासपीठ हाती आलं म्हणून आपण गंभीर प्रश्नांवर मतं सांगत सुटणं त्याला धोक्याचं वाटे, आणि तसं तो उघड बोलूनही दाखवी. पण तो निरुपद्रवी होता हे खरं नाही. वॉटरगेटच्या काळात रात्रीमागून रात्री त्यानं निक्सनना सोलून काढलं, आणि कार्सनच्या विनोदाला देशभर हशा येऊ लागला की त्या पुढाऱ्याचं काही खरं नाही, असं वॉशिंग्टनमध्ये समजलं जाई. फरक असा, की तो लोकांच्या मताच्या पुढे कधी गेला नाही. वारा कुठल्या दिशेला आहे हे पाहून त्यानं फटका मारला. हे कौशल्य आहे, शौर्य नव्हे. आजचे सूत्रसंचालक बाजू घेतात म्हणून ज्यांना कार्सन आठवतो, त्यांना बहुधा आपल्या बाजूवर विनोद नको असतात, इतकंच.

तिसरा थर त्या माणसाचा, आणि इथे वाचायला भरपूर आहे. केनेथ टायनन या इंग्रज नाट्यसमीक्षकानं फेब्रुवारी 1978 मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेला दीर्घ लेख अजूनही या विषयावरचा सगळ्यात चांगला मजकूर आहे. पडद्यावर इतका मोकळा वाटणारा हा माणूस पार्टीत भिंतीला टेकून एकटा उभा असतो, हे कोडं त्यानं मांडलं. पुढची सगळी चरित्रं तेच कोडं सोडवत बसली आहेत. 2013 मध्ये कार्सनचा वकील हेन्री बुश्किन यानं आठवणी लिहिल्या, त्यात दारू, मोडलेली लग्नं, एका झटक्यात तोडलेली माणसं असा सगळा कडू भाग आहे. पुस्तक चटपटीत आहे, पण वकिलानं अशिलाबद्दल लिहिलेलं कितपत चाखायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. पीबीएसचा 2012 चा माहितीपट त्याहून समतोल. आणि बिल झेमी या पत्रकारानं वर्षानुवर्षं खपून अर्धवट ठेवलेलं चरित्र त्याच्या मृत्यूनंतर माइक थॉमस यांनी पुरं केलं, ते 2024 मध्ये आलं. झेमी प्रेमात आहे, हे पानापानावर कळतं.

मला स्वतःला या चरित्रांपेक्षा कार्सनचं काम पाहणं जास्त उपयोगाचं वाटतं, कारण हा माणूस जो काही होता तो तिथेच दिसतो. 1965 चा एक प्रसंग घ्या. एड एम्स हा नट एका मालिकेत आदिवासी अमेरिकी माणसाची भूमिका करत होता, आणि कुऱ्हाड फेकायची कशी हे दाखवायला आला होता. लाकडी फळीवर काउबॉयची आकृती काढलेली. एम्सनं नेम धरून फेकली, आणि ती नेमकी त्या काउबॉयच्या मांड्यांच्या मधोमध जाऊन रुतली, दांडा वर करून. प्रेक्षक कोसळले. एम्स बिचारा कानकोंडा होऊन ती काढायला पुढे निघाला, तर कार्सननं त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. बस्स, एवढंच केलं. स्वतः काही बोलला नाही. हशा ओसरू लागला असं वाटेपर्यंत थांबला, मग सुंतेवरून एक वाक्य टाकलं आणि हशाची दुसरी लाट आणली. चांगल्या विनोदी नटाला वाक्य सुचतं. कुठलं वाक्य कधी बोलायचं नाही हे फार थोड्यांना सुचतं. आपल्याकडे पुलंच्या प्रयोगांना गेलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

किंवा 1987 मधली इंडियाना राज्यातली ती आजी. चिप्सच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम करता करता तिनं माणसांच्या, प्राण्यांच्या आकाराचे चिप्स वेचून ठेवले होते आणि डब्यात जपून आणले होते. एकेक नमुना ती कौतुकानं दाखवत होती. तिची नजर दुसरीकडे वळली आणि मागून कुर्रकन आवाज आला. कार्सन चिप खात होता. आजीच्या चेहऱ्यावर जे भय उमटलं ते पाहायलाच हवं. मग त्यानं लगेच टेबलामागची दुसरी वाटी दाखवली, साध्या चिप्सची. तिच्या छातीवरचा हात खाली आला आणि ती सगळ्यांत जास्त हसली. क्रूरपणा आणि आपुलकी यांच्यामधली रेघ किती बारीक असते, आणि ती कुठे आहे हे त्याला अंगानं कसं माहीत होतं, ते या अर्ध्या मिनिटात दिसतं.

यानंतर अडचणीचा भाग. हे सगळं आपण पाहतो ते कुठून? न्यूयॉर्कच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग आज अस्तित्वातच नाहीत. तेव्हाची व्हिडिओ टेप महाग होती. कालच्या गप्पा उद्या कोण पाहणार, या हिशेबानं एनबीसीनं त्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ग्राउचो मार्क्सनं कार्सनची ओळख करून दिली तो पहिला भागसुद्धा चित्ररूपात उरलेला नाही, फक्त आवाज आणि छायाचित्रं आहेत. एम्सच्या कुऱ्हाडीसारखे काही तुकडे वाचले ते नशिबानं. जे उरलं ते मुख्यतः 1972 नंतरचं, बरबँकचं. 1980 च्या करारानं कार्यक्रमाची मालकीच कार्सनकडे आली आणि नंतरच्या टेपा नीट सांभाळल्या गेल्या. त्या कॅन्ससमधल्या हचिन्सन गावाखालच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली साडेसहाशे फुटांवर ठेवल्या होत्या. तिथली हवा कोरडी, तापमान स्थिर. म्हणजे अमेरिकेला जो कार्सन आठवतो तो पांढऱ्या केसांचा, मुरलेला, पन्नाशीच्या आगेमागेचा कार्सन. न्यूयॉर्कचा चपळ, थोडा आगाऊ, रात्रीच्या शहराचा वास असलेला तरुण कार्सन फक्त म्हाताऱ्यांच्या सांगण्यात आणि टायननसारख्यांच्या लिहिण्यात आहे.

आणि उरलेल्यातूनही लोकांपर्यंत आले ते वेचे. 1983 पासूनच अर्ध्या तासाचे निवडक भाग विकले जात होते, मग कॅसेटी, डीव्हीडी, आता फोनवरचे तुकडे. वीस वर्षांतल्या हजारो तासांतून वीस तास काढले की कुणीही ग्रेट दिसेल. 2016 पासून अँटेना टीव्ही या वाहिनीनं अख्खे भाग रोज दाखवायला घेतले ('टुनाइट शो' हे नाव एनबीसीच्या मालकीचं, म्हणून त्यांना कार्यक्रमाला नुसतं 'जॉनी कार्सन' म्हणावं लागलं), तेव्हा पहिल्यांदा लोकांना खरं प्रमाण दिसलं. बरेच विनोद पडतात. पडले की वाद्यवृंद 'टी फॉर टू' वाजवतो, कार्सन दोन पावलं नाचतो, आणि पडण्यावरच हशा मिळवतो. बायकांवरचे शेरे आज ऐकवत नाहीत. कुठल्या तरी विसरलेल्या मालिकेतली नटी काहीच न बोलता सात मिनिटं बसते. शेवटच्या दहा-बारा वर्षांत तर आठवड्यातल्या एक-दोन रात्री कार्सन नसायचाच, खुर्चीत कुणीतरी पाहुणा सूत्रसंचालक असायचा. हेही आठवणीतून गळून गेलेलं.

गळून गेलेल्यांत सगळ्यात खटकणारं म्हणजे त्या सोफ्यावर कोण नव्हतं ते. फेब्रुवारी 1968 मध्ये कार्सननं आठवडाभर आपली खुर्ची हॅरी बेलाफॉन्टे या कृष्णवर्णीय गायकाला दिली. त्या काळी हे धाडसच होतं आणि त्याचं श्रेय कार्सनला द्यायलाच हवं. बेलाफॉन्टेनं त्या आठवड्यात मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांना आणून बसवलं. दोन महिन्यांत किंग गेले, चार महिन्यांत केनेडी. त्या आठवड्याच्या टेपाही पुसल्या गेल्या, थोडासा भाग तेवढा उरला. 2020 मध्ये 'द सिट-इन' हा माहितीपट आला, तेव्हा अनेक अमेरिकनांना असं काही घडलं होतं हे प्रथम कळलं. लोक ज्यासाठी हळहळतात त्या पेटाऱ्यात हा आठवडा नव्हताच. पुढे 1989 मध्ये आर्सेनियो हॉलचा कार्यक्रम सुरू झाला आणि कार्सनकडे ज्यांना दार उघडं नव्हतं ती तरुण कृष्णवर्णीय गायक-नटमंडळी तिकडे दिसू लागली. जून 1992 मध्ये, कार्सन जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, बिल क्लिंटन काळा चष्मा लावून सॅक्सोफोन वाजवायला गेले ते आर्सेनियोकडे.

बायकांचं तेच. विनोदवीराचं काम संपल्यावर कार्सननं हात करून त्याला सोफ्यावर बोलावलं की त्याचं आयुष्य बदलायचं. फ्रेडी प्रिन्झ, लेटरमन, स्टीव्हन राइट सगळे या एका खुणेवर उभे राहिले. पहिल्याच फेरीत असं बोलावणं आलेली पहिली स्त्री विनोदवीर म्हणजे एलेन डीजेनरस, आणि साल होतं 1986! जोन रिव्हर्सला 1965 मध्ये इथेच संधी मिळाली होती, 1983 पासून ती कायमची बदली सूत्रसंचालक होती. 1986 मध्ये तिनं फॉक्सवर स्वतःचा कार्यक्रम घेतला. कार्सनला आधी सांगितलं नाही हा त्याचा राग, आणि तो त्यानं मरेपर्यंत सोडला नाही. तिच्याशी पुन्हा बोलला नाही. 'टुनाइट'मध्ये ती परत दिसली थेट 2014 मध्ये, जिमी फॅलनच्या पहिल्या रात्री. त्याच वर्षी ती वारली.

मग उरतं काय? उरतो तो सोफा आणि उरतो वेळ. माझं म्हणणं एवढंच, की खरी हळहळ करायची तर याची करावी. कार्सनचा कार्यक्रम सुरुवातीला पावणेदोन तासांचा होता, 1967 पासून दीड तासाचा, आणि 1980 पासून तासाचा. या दीड तासात पाहुणा आपली पाळी संपली म्हणून निघून जात नसे. पुढचा आला की तो सोफ्यावर एक जागा सरकायचा आणि बसून राहायचा. त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं शेजारी बसत. नटी, मग प्राणिसंग्रहालयातली बाई माकड घेऊन, मग खगोलशास्त्रज्ञ. 1969 मधला एक भाग नशिबानं उरला आहे. बॉब होप, मग डीन मार्टिन, आणि शेवटी जॉर्ज गोबेल हा साधा, थोडा बावळट चेहऱ्याचा विनोदवीर. गोबेल बोलतोय आणि शेजारी बसलेला मार्टिन शांतपणे त्याच्या पेल्यात सिगारेटची राख झटकतोय. प्रेक्षक हसतात, गोबेलला वाटतं आपल्या विनोदाला हसले. तो खुश होऊन आणखी बोलतो. हे कुणी लिहून घडत नाही. त्याला तिघं एका सोफ्यावर लागतात आणि घाई नसलेलं घड्याळ लागतं.

याच वेळामुळे कार्ल सेगन इथे वीसपेक्षा जास्त वेळा येऊन ग्रहताऱ्यांवर बोलला. कार्सन स्वतः दुर्बीण बाळगणारा हौशी खगोलप्रेमी, त्यामुळे प्रश्न बरे पडायचे. याच वेळामुळे 1973 मध्ये यूरी गेलर उघडा पडला. चमचे मनःशक्तीनं वाकवण्याचा दावा करणारा गेलर येणार म्हटल्यावर जुना जादूगार असलेल्या कार्सननं जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. सामान आपलं ठेवा, गेलरच्या माणसांना आधी हात लावू देऊ नका. मग टेबलावर चमचे आणि डब्या मांडलेल्या, आणि गेलर वीसेक मिनिटं नुसता चुळबुळतोय. आज जमत नाही, दडपण येतंय, म्हणतोय. कार्सन त्याला एकदाही टोचत नाही. सिगारेट ओढत, नम्रपणे, वाट पाहतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा भाग दाखवायला ठेवावा असा आहे. (गेलरचा धंदा त्यानं बंद पडला नाही, हेही सांगायला हवं.)

अर्थात नुसता वेळ दिला म्हणून शहाणपण बोललं जातं असं नाही. 1970 पासून पॉल एर्लिक हा जीवशास्त्रज्ञ लोकसंख्येच्या स्फोटावर बोलायला इथे अनेकदा आला आणि त्यानं अमेरिकी मध्यमवर्ग घाबरवून सोडला. त्याच्या 1968 च्या 'पॉप्युलेशन बॉम्ब' या पुस्तकाची सुरुवात दिल्लीतल्या गर्दीतून जाणाऱ्या टॅक्सीनं होते. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीनं मरतील आणि भारताचं काही खरं नाही, हा त्याचा सूर होता. तसं घडलं नाही. पण भारताकडे पाहायची ती नजर लाखो घरांत पोचली ती याच सोफ्यावरून. तेव्हा कार्सनकडे गंभीर चर्चा व्हायची म्हणून गहिवरणाऱ्यांनी हाही भाग हिशेबात धरावा.

आणि सगळं उत्स्फूर्त होतं असंही नाही. पाहुण्याशी आधी बोलून किस्से ठरवायची पद्धत तेव्हाही होती, टेबलावर टिपणं असायचीच. फरक असा, की ठरलेलं मोडायला जागा होती. आज पाहुणा सिनेमाच्या जाहिरातीला सहा-सात मिनिटं येतो, एखादा खेळ खेळतो, जातो. पुढचा येतो तेव्हा सोफा बहुधा रिकामा असतो. कारण सरळ आहे. सकाळी फोनवर फिरेल असा चार मिनिटांचा तुकडा हवा, आणि तिघांच्या गप्पांतून तो कापता येत नाही. या तुकड्यांना प्रेक्षक कोट्यवधी मिळतात, पैसे मात्र त्या मानानं किरकोळ. 2018 ते 2024 मध्ये रात्रीच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं. फॅलननं आठवड्याचे चार दिवस केले, सेथ मायर्सनं वाद्यवृंद सोडला, जेम्स कॉर्डन गेल्यावर सीबीएसनं त्याच्या जागी तसा कार्यक्रम केलाच नाही. लांब गप्पांची भूक मात्र मेलेली नाही. ती पॉडकास्टकडे गेली. 2010 मध्ये 'टुनाइट'मधून बाहेर पडावं लागलेला कोनन ओब्रायन आज तासभर निवांत बोलतो ते तिथेच. पण पॉडकास्टला पाहुणा बहुधा एकच. शेजारच्याच्या पेल्यात राख झटकायला तिथे कुणी नाही.

कार्सनखेरीज दुसऱ्यांचीही आठवण काढणारे आहेत. डिक कॅव्हेटचे (एबीसी, 1969 ते 1974) चाहते जास्त शिकलेले. त्यांच्या मते खरा कार्यक्रम तोच. ऑर्सन वेल्स, हेंड्रिक्स, मेलर आणि विडाल या लेखकांचं जाहीर भांडण, जॉर्ज हॅरिसनबरोबर आलेले रविशंकर. दर्जा निर्विवाद, पण कॅव्हेटला कार्सनइतके प्रेक्षक कधीच मिळाले नाहीत, आणि त्याच्यासाठी हळहळणारेही त्याच वर्गातले. डेव्हिड लेटरमनची पिढी वेगळी. 1982 ते 2015 अशी तेहतीस वर्षं त्यानं याच साच्याची टर उडवत तोच साचा चालवला. 1992 मध्ये एनबीसीनं त्याला डावलून लेनोला गादी दिली, ती भाऊबंदकी बिल कार्टरच्या 'द लेट शिफ्ट' या पुस्तकात सविस्तर आहे. कार्सननं निवृत्तीनंतर लेनोकडे पाऊल टाकलं नाही. लेटरमनकडे मे 1994 मध्ये गेला, त्याच्या खुर्चीत बसला, टाळ्या थांबेनात, आणि एक शब्द न बोलता उठून गेला. पडद्यावरचं त्याचं ते शेवटचं दर्शन. पुढे घरी बसून तो वर्तमानपत्र वाचून विनोद लिहायचा आणि गुपचूप लेटरमनला धाडायचा. तो गेल्यावर लेटरमननं एका रात्रीचे सुरुवातीचे सगळे विनोद त्याच्याच कागदांतून केले, आणि ते कुणाचे होते हे नंतर सांगितलं. गळा न काढता वाहिलेली यापेक्षा चांगली श्रद्धांजली मला माहीत नाही.

सिनेमानं मात्र या काळाकडे गहिवरून पाहिलेलं नाही, हे विशेष. स्कॉर्सेसीच्या 'किंग ऑफ कॉमेडी'त (1983) प्रसिद्धीला हपापलेला रुपर्ट पपकिन सूत्रसंचालकालाच पळवून नेतो. पपकिन झालेला डी नीरो 2019 च्या 'जोकर'मध्ये स्वतः सूत्रसंचालक होतो आणि गोळी खातो. 2023 चा 'लेट नाइट विथ द डेव्हिल' 1977 मधल्या अशाच एका काल्पनिक कार्यक्रमावर आहे. कार्सनला हरवायच्या हव्यासापायी सूत्रसंचालक सैतानाला स्टुडिओत आणतो. तिन्ही सिनेमे त्या सोफ्याकडे बाहेरून, बोलावणं न आलेल्याच्या डोळ्यांनी पाहतात. डीव्हीडींच्या संचापेक्षा त्यांनी त्या काळाचं जास्त खरं चित्र दिलं असं माझं मत.

रात्रीच्या कार्यक्रमांचा हा साचा येत्या काही वर्षांत नेटवर्कांवरून बहुधा जाईल. जाऊ द्यावा. सत्तर वर्षं पुष्कळ झाली. कार्सनबद्दल ज्यांना उत्सुकता वाटली असेल त्यांना एवढंच सुचवतो, की फोनवरचे गाजलेले तुकडे पाहून मत करू नका. 1972 ते 1980 मधला, दीड तासाचा, फारसं नाव नसलेल्या पाहुण्यांचा एखादा अख्खा भाग मिळवा आणि जेवण झाल्यावर, पुढे न सरकवता, सलग पाहा. मध्ये वीस मिनिटं कंटाळा येईल. ती वगळू नका.